नकातोची चोवीस पानं

ग्रेसचा फोन आला तेव्हा मी ऊद मेथातल्या दातांच्या दवाखान्यात लेकीचा नंबर लागायची वाट बघत बसले होते. ग्रेस म्हणजे नकातोच्या खोलीतली. ती एरवी फोन करत नाही, मेसेज पाठवते. म्हणून लगेच उचलला. "मॅडम, नकातो इज गॉन," ती म्हणाली. मी विचारलं, "गॉन? कुठे? पुन्हा पोस्टिंग बदललं का?" सिक्युरिटी कंपनी नकातोला सारखी इकडून तिकडे हलवायची, त्यामुळे मला खरंच तसं वाटलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. तेव्हा कळलं. खोर फक्कानच्या बंदराजवळ एका गोदामाच्या गेटवर, सकाळी दहाच्या सुमारास ती खुर्चीतून उठली आणि कोसळली. डोक्यात रक्तस्राव. हॉस्पिटलात नेईपर्यंत होती, नंतर नव्हती. वय छत्तीस. "हू वॉज इट, आई?" लेकीने विचारलं. मी म्हटलं, "माझी मैत्रीण." तो शब्द मी नकातोबद्दल पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते.

त्याला आता दोन महिने होतील. लिहिण्याआधी एक सांगून टाकते: ग्रेसचं नाव खरं नाही आणि जागाही मी थोड्या हलवल्या आहेत. नकातो हे नाव मात्र खरं. युगांडात तिच्या लोकांमध्ये जुळ्या मुलींतल्या धाकटीला नकातोच म्हणतात आणि थोरलीला बाबिर्ये, त्यामुळे एवढ्या नावावरून ती कुणाला सापडायची नाही. "आमच्याकडे नकातो म्हणून हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघेल," असं तीच सांगायची.

मी चौदा वर्षं इथे आखातात, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका छापखान्यात प्री-प्रेसला आहे. म्हणजे खजुराचे खोके, ज्यूसची लेबलं, जे काही मशीनवर चढतं ते आधी माझ्या कॉम्प्युटरवरून जातं. नकातो आमच्या गेटवर गार्ड होती. येताजाताना गुड मॉर्निंग, गुड इव्हनिंग, एवढीच ओळख. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने मला थांबवलं आणि विचारलं, "मॅडम, थ्री हंड्रेड डीपीआय म्हणजे काय?" गेटवरच्या गार्डने हे विचारावं याचं मला हसू आलं. मी सांगितलं, की छापायचं चित्र किती बारीक स्कॅन करायचं त्याचं ते माप. तुला कशाला हवंय? तर म्हणाली, "मी चित्रांतून गोष्टी लिहिते. एका पुस्तकासाठी मागवल्यात. त्यांना थ्री हंड्रेड पाहिजे." फोनवर तिने ते पत्रक दाखवलं. मी लक्ष देऊन फक्त तारीख आणि साइज वाचला. चार दिवस उरले होते. "आण उद्या, पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. साध्या बॉलपेनने काढलेली चित्रं, पण रेघ अशी ठाम, की मी खुर्चीत सरळ होऊन बसले. कंपालातलं वेण्या घालायचं एक सलून, ते चालवणाऱ्या दोघी, गेलेली वीज, भांडखोर गिऱ्हाईक. ऑफिसच्या स्कॅनरवर एकेक पान ठेवत मी हसत होते. सातव्या पानावर सलूनचं शटर खाली आलेलं आणि त्या दोघी कपाळाला कपाळ लावून उभ्या. आठव्या पानावर त्यांच्या प्रेमाबद्दल शंकेला जागाच उरली नाही. मग मी ते पत्रक नीट आठवलं: कृष्णवर्णीय आणि आफ्रिकी क्वीअर लेखक-चित्रकारांसाठी, असं वरच लिहिलेलं होतं. ऑफिसचा स्कॅनर, ऑफिसचं नेटवर्क, माझा व्हिसा, नवऱ्याची नोकरी, लेकीची शाळा... सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी फाइल डिलीट केली, गेटवर जाऊन वही तिच्या हातात कोंबली आणि म्हटलं, "हे इथे पुन्हा आणायचं नाही. खलास." ती म्हणाली, "सॉरी, मॅडम." आणि खाली बघून रजिस्टरमध्ये माझी बाहेर पडायची वेळ लिहिली.

चार दिवसांनी ती तारीख उलटली. माझी भीती खरी होती, आजही आहे. पण भीती खरी होती म्हणून मी वागले ते बरोबर ठरत नाही. त्यानंतर चार महिने ती मला रोज तितक्याच नीटपणे गुड मॉर्निंग म्हणत राहिली, आणि मी रोज फोनमध्ये बघत आत जात राहिले.

मग एक दिवस आमचे फोर्कलिफ्टवरचे दळवी एक गेटपास नाचवत आले. कुडाळकडचे, दोन-दोन वर्षं घरी न जाणारे. गेटपासच्या मागे नकातोने त्यांना काढलं होतं. फोर्कलिफ्टवर नव्हे, ओसरीवर पाय सोडून बसलेले. "ताई, बघा, मी असोच दिसतंय ना? तिका मी घराबद्दल कायच सांगलेलंय नाय." त्यांचे डोळे भरले होते. मी तशीच गेटवर गेले. माफी मागायचे शब्द इंग्रजीत नीट जुळेनात, म्हणून एवढंच म्हटलं, "शनिवारी सुट्टी असेल तर घरी ये. माझ्या घरी स्कॅनर आहे." तिने विचारलं, "चित्रं कशाची आहेत ते तुमच्या मिस्टरांना माहीत आहे?" मी म्हटलं, नाही. "मग आधी सांगा. नाहीतर मी येणार नाही."

सुनीलला सांगितलं. तो म्हणाला, "जे काय करायचं ते घरात करा. आणि क्लाउडवर काही ठेवू नका." त्याचा होकार असाच असतो.

महिन्यातून दोन शनिवार ती यायची. पोह्यांबरोबर शेंगदाण्याची चटणी नुसतीच खायची, तिच्या घरच्या शेंगदाण्याच्या कालवणाची आठवण काढत. मग आम्ही लॅपटॉप उघडून बसायचो. तिचं ईमेलही आम्ही त्यावरच उघडलं होतं. खोलीत सहा जणी, त्यामुळे स्वतःच्या फोनवर ती काही ठेवत नसे. तोवर मला वाटायचं, चांगलं काम असेल तर कुठेतरी छापून येतंच. त्या फॉर्मांनी मला शहाणं केलं. एकीकडे लिहिलेलं असायचं, आफ्रिकेत राहणाऱ्यांसाठी. दुसरीकडे, ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीयांसाठी. राहत्या देशाच्या यादीवर बोट फिरवत ती एकदा म्हणाली, "मी आफ्रिकेत नाही, लंडनमध्येही नाही. मी उम्म अल कुवैनमध्ये आहे, मॅडम, आणि उम्म अल कुवैन कुठल्याच फॉर्मात नाही." कुठे लेखकाचा फोटो हवा असायचा, कुठे प्रकाशनाच्या दिवशी व्हिडिओवर वाचन. ती माणसं भलीच होती, पण... "त्यांना वाटतं," ती म्हणायची, "लपून राहणारी माणसं लिहीतच नसतील."

एकदा जमलं होतं. एका छोट्या मासिकाने टोपणनावाने सहा पानं घेतली. प्रूफ आलं तेव्हा ती टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसली, स्क्रीनला बोटसुद्धा लावेना. "मोठं करा," म्हणाली. "आणखी." मग एक स्वल्पविराम चुकलेला तिनेच शोधून काढला. दोन महिन्यांनी पत्र आलं, की मदत बंद झाल्यामुळे मासिक बंद करत आहोत, आपले सर्व हक्क आपल्याला परत. "माझी चित्रं मला परत दिली," ती हसून म्हणाली, "थँक यू." आणि बाथरूममध्ये गेली. नळ कितीतरी वेळ चालू होता... बाहेर आली ती तोंड पुसत. "नेक्स्ट?" तिने विचारलं.

त्या वर्षी तिला पस्तीस पूर्ण झाली आणि 'पस्तिशीच्या आतल्या लेखकांसाठी' असलेल्या तीन जागा एका दिवसात गेल्या. तिथून तिची घाई सुरू झाली. रोज सकाळी मेसेज: मॅडम, काही नवं? रविवारी, कामाच्या वेळी, मी स्वयंपाक करताना. खोटं कशाला बोलू, त्या मेसेजचा आवाज मला नकोसा होऊ लागला होता. डोकं दुखतं म्हणायची. ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या की पुढचे आठ-पंधरा दिवस तशीच राहायची. मी रागावले की म्हणायची, "आधी पानं, मग गोळ्या." तेवढ्यात कंपनीने तिला खोर फक्कानला पाठवलं. मला वाटलं, आता ती खचेल. उलट तिथे तिला ग्रेस भेटली. केनियाची, त्याच कंपनीतली गार्ड. खोलीत एकाच बंकवर दोघी, नकातो वर, ग्रेस खाली. तिचं फोनवरचं हसणं बदललं, ते मला इकडे घाटापलीकडेही ऐकू यायचं.

शेवटची भेट तिच्या जाण्याआधी सहा आठवड्यांची. आम्ही डोंगरातून गाडीने गेलो. सुनील आणि लेक पाण्यात उतरले आणि मी तिच्याबरोबर किनाऱ्यावरच्या बाकावर बसले. तिने सलूनची गोष्ट पूर्ण नव्याने काढून आणली होती. चोवीस पानं. कोण हसतंय, कोण रुसलंय ते डोळ्यांवरून कळावं, इतके चेहरे तिला आता साधले होते. एका नव्या संग्रहासाठी होती ती. वयाची अट नाही, देशाची नाही, टोपणनाव चालेल. "मॅडम, हे शेवटचं. हेही नाही झालं तर मी थांबते." मी सवयीने म्हटलं, "होईल गं, इन्शाल्ला." तिने माझ्याकडे जरा रोखूनच बघितलं. "इन्शाल्ला राहू द्या, मॅडम. पान अकरा नीट स्कॅन करा. त्याची शाई फिकी आहे." पान अकरा मी तीनदा स्कॅन केलं. वेळेत पाठवलं. एवढं तरी केलं, असं मी स्वतःला सांगत असते.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्या ईमेलवर पत्र आलं. त्यांनी चोवीसच्या चोवीस पानं घेतली होती. मी लॅपटॉपसमोर उभीच राहिले... बसायचं सुचलं नाही. दोन आठवड्यांत करारावर सही हवी होती. काय घडलं ते मी कळवलं. संपादकबाईंचं उत्तर फार हळुवार होतं. घरच्या कुणाची परवानगी मिळाली तर तिच्या पानांशिवाय हे पुस्तक काढायचं नाही, असं त्यांनी लिहिलं. नकातोची आई अशक्त, वडील नाहीत. राहिली थोरली बहीण. ग्रेसकडून नंबर घेऊन मी बाबिर्येला पानं पाठवली आणि एका दुपारी फोन केला. तिचा आवाज ऐकून मी क्षणभर फोन कानापासून दूर धरला. नकातोचाच आवाज.

"मॅडम," ती म्हणाली, "या गोष्टीतली उंच बाई कोण आहे?"

"नकातो. तिने स्वतःलाच काढलंय."

"तो माझाही चेहरा आहे."

मला हे सुचलंच नव्हतं. दोन वर्षं मी तो चेहरा स्कॅन करत होते. बाबिर्ये शांतपणे बोलत होती, शाळेत शिकवणाऱ्या बाईसारखी, आणि ती शिकवतेच. "पुस्तक फोनवर येईल. फोन गावात येईल. नाव कुणाचंही घाला, लोक म्हणतील, ही बाबिर्ये. इथला कायदा तुम्हाला माहीत असेल. मला दोन मुलं आहेत." मग म्हणाली, "चित्रं चांगली आहेत. लहानपणी ती मलाच समोर बसवून स्वतःचं चित्र काढायची. आमच्याकडे आरसा नव्हता."

मी तरी ऐकून गप्प बसायचं ना? तीन दिवस ऑफिसमधून आले की कॉम्प्युटरवर तो चेहरा बदलत बसायचे. चोवीस पानांत एकसष्ट वेळा आहे तो. नाक रुंद केलं, हनुवटी आखूड केली, कपाळ उतरतं केलं. हे माझं रोजचं काम आहे, खोक्यावरच्या खजुराला मी हवी तशी चकाकी आणते. आठ पानं झाल्यावर ग्रेसला पाठवली. तिचं उत्तर आलं, "ही कोण?"

चौथ्या दिवशी मी संपादकबाईंना कळवलं, की पानं मागे घेत आहोत. बाबिर्येला सांगायला फोन केला तेव्हा विचारलं, मी माझ्या भाषेत, माझ्या गावच्या वर्तमानपत्रात नकातोबद्दल लिहिलं तर? तिने विचारलं, "त्यात चित्र असेल?" "नाही." "मग लिहा," ती म्हणाली. "सगळं लिहा." म्हणून हे तुम्ही वाचताय. तिची एकही रेघ मी तुम्हाला दाखवू शकत नाही.

गेल्या शुक्रवारी ऑफिस लवकर सुटल्यावर मी खोर फक्कानला गेले. बाकीच्या चौघी ड्यूटीवर होत्या. ग्रेसने मला खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या जागेवर झोपा." मला काही समजेना. "झोपा ना." मी चपला काढून खालच्या बंकवर आडवी झाले. वरच्या गादीखालच्या प्लायवर, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर, एक बाजार होता. केळ्यांचे घड, मक्याची कणसं, छत्र्या, कोंबड्या, लाकडाच्या रेषांतून वाट काढत जाणारी माणसं. सगळी पाठमोरी. खाली उजव्या कोपऱ्यात तिचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट, ठळक. दोन वर्षांत इतक्या फॉर्मांवर मी तिची टोपणनावं टाइप केली, पण तिच्या हातची सही कधी पाहिली नव्हती.

"फोटो काढू?" मी विचारलं.

"नको," ग्रेस म्हणाली. ती जमिनीवर, माझ्या उशाशी बसली होती. "रविवारी नवी मुलगी येतेय. तिला वरची जागा दिलीय."

मी उठले नाही. ग्रेसही उठा म्हणाली नाही. तिची ड्यूटी चारला होती. पावणेचारला तिने उठून युनिफॉर्म चढवला, आणि मग मी चपला शोधल्या.