थांब्यावरचा कारकून

आमच्या शाळेत नववीच्या अंतर्गत गुणांसाठी दर सत्राला पाठ्यपुस्तकाबाहेरची एक गोष्ट शिकवतात. गोष्ट निवडायला समिती आहे. समितीत मुख्याध्यापक आणि मराठीचा शिक्षक म्हणून मी. मुख्याध्यापकांची अट एकच: शेवटी बोध हवा. त्यामुळे वर्षानुवर्षं आम्ही एकच गोष्ट शिकवत आलो. तिच्यात एक आळशी मुलगा सुधारतो. माझ्या देखत तो इतक्यांदा सुधारला, की मला त्याची काळजी वाटेनाशी झाली.

यंदा मी जुन्या दिवाळी अंकातली एक गोष्ट नेली. एक कारकून निवृत्त होतो. शाल, श्रीफळ, भाषणं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या बसथांब्यावर जाऊन बसतो, बस येते ती जाऊ देतो आणि घरी परततो. संपली गोष्ट.

"बोध?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग मुलं लिहिणार काय?"

"त्यांना वाटेल ते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "घ्या. पण मार्क पडले नाहीत, तर पुढच्या सत्रात आपला आळशी मुलगा परत."

गोष्ट शिकवली. मुलांनी शांतपणे ऐकली. चाचणी आठवड्यावर आल्यावर मात्र माझा धीर सुटला. प्रश्न मीच काढला होता: 'कारकून थांब्यावर का जातो? तुमचे मत लिहा.' गुण पाच. मी फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि वर्गाला त्यांचं मत सांगून लिहायला लावलं.

"सर, आमचं मत किती ओळींचं?" एकाने विचारलं.

"आठ."

निवृत्तीनंतरचे एकाकीपण, सवयीची गुलामगिरी, असं ते मत होतं. सांगताना दाराशी शिपाई आला म्हणून एक वाक्य मी दोनदा सांगितलं. पेपर तपासायला घेतले, तर सगळ्या वर्गाने ते वाक्य दोनदा लिहिलेलं. मी सढळ हाताने गुण दिले.

फक्त एका मुलीने ते लिहिलं नव्हतं. तिच्या घरी नामपूरला कांद्याची शेती. शिकायला ती पंचवटीत मामांकडे राहते. तिने लिहिलं होतं: 'आमचे आजोबा कांदा नसला तरी मार्केटात जातात. घरी त्यांना कोणी काही विचारत नाही. तिथे चार माणसं विचारतात, काय बाबा, कसा शेतस, बरं आहे ना? मग ते घरी येतात. कारकुनाला थांब्यावर लोक सरकून जागा देतात. त्याला तेवढंच पाहिजे होतं.'

मी एक गुण दिला आणि लाल शाईने लिहिलं: विषयांतर.

पेपर वाटले त्याच दिवशी ती शिक्षकखोलीच्या दारात आली.

"सर, एकच मार्क?"

"अगं, तू आजोबांचं लिहिलंस."

"'तुमचे मत' असं होतं ना पेपरात?"

"होतं."

"मग मी कोणाचं लिहायचं होतं?"

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. गोष्टीत असं काही नाही, हे दाखवायला मी अंक उघडला. शेवटच्या परिच्छेदात बाकावरचे दोघे सरकून कारकुनाला जागा देत होते. ही गोष्ट मी निवडली होती, समितीपुढे लढवली होती आणि दोन तास शिकवली होती. ती दोन माणसं मला पहिल्यांदाच दिसत होती.

गुण वाढवायचे तर आता अर्ज करावा लागणार होता. गुणतक्त्यावर सह्या झाल्या होत्या. अर्जात कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: शिक्षकाने गोष्ट नीट वाचली नव्हती.

मुख्याध्यापकांनी अर्ज परत दिला. "असं कारण चालत नाही हो, सर. 'बेरजेत चूक' लिहा. ते चालतं." मग खुशीत म्हणाले, "बोध नसूनही वर्गाने काय छान लिहिलंय! राहू द्या हीच गोष्ट."

मी बेरजेत चूक लिहिलं. मुलीला पाचपैकी पाच मिळाले. सुधारलेला पेपर तिने हातात घेतला, 'बेरजेत चूक' हा नवा शेरा वाचला आणि म्हणाली, "सर, बेरीज बरोबर होती. मी दोनदा केली होती."

पुढच्या तासाला मी वर्गासमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं. बेरीज चुकली नव्हती, मी चुकलो होतो. मी सांगितलेलं उत्तर कच्चं होतं. या मुलीने गोष्ट माझ्यापेक्षा नीट वाचली आहे. तिचा पेपर मी मोठ्याने वाचून दाखवला.

वर्ग गंभीर झाला. वह्या उघडल्या, पेनांची टोपणं निघाली.

"सर, जरा हळू सांगा ना," पहिल्या बाकावरून आवाज आला. "'मार्केटात जातात' इथपर्यंत झालंय."

मी त्या मुलीकडे पाहिलं. तीही लिहून घेत होती.