उजवी की डावी

दोडामार्गाहून आम्ही दोघं एकाच बसने गोव्यातल्या स्कॅन सेंटरवर कामाला जायचो. मी टायपिस्ट, तो टेक्निशियन. बसमध्ये माझ्याशी मालवणी बोलणारा हा माणूस सेंटरची पायरी चढला की शुद्ध मराठी बोलायचा. स्कॅनची फिल्म कायम कडेने धरायचा. तिच्यावर त्याचं बोट टेकलेलं मी कधी पाहिलं नाही.

सेंटरला मान्यता मिळवायची होती. त्यासाठी रुग्णांचे जुने स्कॅन निवडून, नावं झाकून मान्यता देणाऱ्या संस्थेकडे पाठवायचे होते. स्कॅनचं पाकीट जायला दोन दिवस उरले असताना हाडांचा एक स्कॅन बघता बघता तो थांबला. डाग डाव्या मांडीत होता आणि त्याने स्वतःच 'उजवी' अशी खूण केली होती. बाई विजयदुर्गची होती.

सेंटरचे डॉक्टर वैतागले. "तो काढा, दुसरा लावा."

"लावतो साहेब. पण त्या बाईंना कोण सांगणार?"

डॉक्टरांनी सुधारलेल्या रिपोर्टवर सही केली. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "चूक माझी आसा, माकाच जावक व्हया."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो विजयदुर्गला गेला. चुकीच्या मांडीला रेडिएशनचा शेक द्यायला अजून सुरुवात झाली नव्हती. बाईचा नवरा अंगणातच त्याला वाटेल तसं बोलला. हा खाली मान घालून उभा राहिला. शेवटी बाईनेच पाणी आणून दिलं.

मान्यता मिळाली. पुढे प्रत्येक रुग्णाला मशीनवर घेण्याआधी तो सांगायचा, "उजवा हात वर करा बघू." शिकलेली माणसं हसत हात वर करायची. तो मात्र कधी हसला नाही.