अर्पिताने शिकवलेली उत्तरं

जालन्याच्या चर्चमध्ये रविवारशाळा घेणारी अर्पिता साळवे तिशी ओलांडून गेली, तेव्हा स्थळं बघून बघून तिच्या आईने हात टेकले होते. आणि बाईसाहेब प्रेमात पडल्या त्या देवानंदच्या. तो वडीगोद्रीच्या हिंदू शेतकऱ्याचा मुलगा, नवीन जालन्यात ती नोकरी करायची त्याच बियाणे कंपनीत कामाला. आई रडली, चर्चच्या पाळकसाहेबांनी हे लग्न नको म्हणून समजावलं. शेवटी देवानंदनेच सगळ्यांची तोंडं बंद केली. मी बाप्तिस्मा घेतो, म्हणाला.

अर्पिता हरखली. पण बाप्तिस्म्याआधी पाळकसाहेब आणि मंडळीतले वडीलधारे समोर बसवून प्रश्न विचारतात. हा अडखळला तर? या धास्तीने तिने स्वतःच त्याची तयारी करून घेतली. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला, उत्तरं पुढे. रविवारशाळेतल्या लेकरांचीही एवढी घोकंपट्टी कधी झाली नसेल.

प्रश्नोत्तरांच्या दिवशी देवानंद कुठेच अडला नाही. ख्रिस्त तुझा कोण, असं विचारल्यावर म्हणाला, माझ्या एकटेपणातला सोबती. वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर बसलेल्या अर्पिताने मात्र आपलंच उत्तर ओळखलं. ते एकटेपण तिचं होतं. भावा-भावजयांच्या भरल्या घरातल्या देवानंदला ते कुठून ठाऊक असणार? आणि बोलताना तो पाळकसाहेबांकडे पाहतच नव्हता. बराबर आलं का, म्हणून तिच्याकडे पाहत होता.

बाहेर कडुनिंबाखाली तिने विचारलं, "मी नसते तर आला असता का तू इथं?"

"न्हाई," तो सरळ म्हणाला. "मला तू पाहिजे. देव कळंल की मंग."

खोटं बोलला असता तर किती सोपं झालं असतं.

"मंग कळल्यावरच ये," ती म्हणाली. "माझ्यासाठी बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरू नको."

"अन् न्हाईच कळलं तर?"

त्याने मोटारसायकल काढली. रस्ता रिकामा झाला तरी ती पाहतच राहिली.

शहाणपण केलंस, असं सगळे म्हणाले. असेलही, पण शहाणपणाने तिचे दिवस सरेनात. पुढच्या रविवारी चर्चमधून सगळे गेल्यावर ती एकटीच गुडघ्यांवर आली. त्याला तुझी ओळख होऊ दे, एवढंच मागायचं तिने ठरवलं होतं. तोंडून निघालं ते भलतंच.

"प्रभू, त्याला तुझी ओळख न्हाई झाली, तरी मला तोच पाहिजे."

ऐकून तिची तीच घाबरली. शब्द मागे घेववेनात, आणि आमेनही म्हणवेना.