कोन न्हाई, सोडा

गाडी सुटायची वेळ झाली की ती शेंगांची टोपली खाली ठेवायची. मागच्या चाकापाशी वाकून गाडीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायची आणि पत्र्यावर दोन थापा मारून म्हणायची, "कोन न्हाई. सोडा."

हुमनाबादच्या स्टँडवरून तुम्ही कधी गेला असाल, तर त्या थापा तुम्हीही ऐकल्या असतील. दहा-अकरा वर्षांची पोर. मी तिथं कंट्रोलर. गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि दिवसभर माइकवर ओरडायचं, एवढंच माझं काम. त्यानंच जीव थकून जायचा.

सुरुवातीला सगळ्यांनी तिची चेष्टा केली. "नवी कंडक्टरीण आली," म्हणून मीही हसलो. मग ड्रायव्हरांना तिची सवय लागली. कलबुर्गीच्या गाडीवरचा जाडा ड्रायव्हर घरात कुणाचं ऐकत नसे, पण तिला आरशातून विचारायचा, "आयता, अक्का?" झालं का म्हणून. तिच्या थापा पडल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. शेंगा मात्र तशाच राहायच्या. गिऱ्हाईक खिडकीतून हाका मारतंय आणि ही चाकापाशी.

एकदा वरचे साहेब तपासणीला येणार होते. गाड्यांना उशीर नको, म्हणून मी तिला कंट्रोल रूममध्ये बसवलं, हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि दार लावून घेतलं. बाहेर उदगीरची गाडी सुरू झाली, तशी तिनं स्वतःचं मनगट दातांत धरलं. रक्त आलं तरी सोडेना. मी घाबरून दार उघडलं. ती धावली, पण गाडी गेली होती. मग ती त्या जागेवर वाकून नुसत्या डांबराकडे बघत राहिली.

संध्याकाळी तिची आई आली. ती हायवेवरच्या धाब्यात भांडी घासायची. मी जरा दरडावूनच विचारलं, "पोरगी असं कामून करायलीय?"

"अण्णा, हिचा धाकला भाऊ धाब्यापुढं पान्याच्या बाटल्या इकायचा. बाटली घरंगळून लॉरीखाली गेली, ती काढाय गेला. लॉरी मागं आली. ही पलीकडं शेंगा देयली होती." तिनं पोरीकडं बघितलं. "रडली न्हाई बगा. तवापास्नं नुस्ती वाकायलीय."

इतके महिने मी तिला हसलो होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढं चार ठिकाणी हेलपाटे घालून तिला एका वसतिगृहात जागा मिळवली. आई तयार झाली, ती होईना.

"मी गेल्यावर खाली कोन बगल?"

"ड्रायव्हर बघतील."

"त्येंला वरनं काय दिसतंय?"

म्हणालो, "मी बघीन."

"समद्या गाड्या? वाकून?"

"व्हय."

तिनं लगेच एका गाडीपाशी मला वाकायला लावलं. माझे गुडघे कुरकुरले. "आनखी खाली," ती म्हणाली. मनासारखं झाल्यावरच गेली.

दर रविवारी तिथल्या बाईंच्या फोनवरून ती बोलायची. जेवणाचं नाही, शाळेचं नाही. "बगायलाव न्हवं, अण्णा?" मी म्हणायचो, "बघायलोय की." खोटं बोलायचो. गाड्या ढीगभर, माझे गुडघे दोन. चार दिवस वाकलो आणि सोडून दिलं.

एका रविवारी फोनमधून तिला इंजिन ऐकू आलं. "आता सुटायलीय. बगा," म्हणाली आणि फोन धरून थांबली. मी फोन कानाला लावून, गुडघे टेकून वाकलो. तेलाचे डाग, एक तुटकी चप्पल, पलीकडचं ऊन.

"कोन न्हाई," मी म्हणालो.

"नीट बगितलाव?"

"नीट बघितलो, बाय. कोन न्हाई."

पलीकडं ती रडायला लागली. आधी बारीक, मग मोठ्यानं, भावाला हाका मारत. जाडा ड्रायव्हर आरशातून विचारत होता, "आयता?"

मी हात वर करून त्याला थांबवलं. तिचं रडणं सरेपर्यंत त्या दिवशी मी कलबुर्गीची गाडी सोडली नाही.