हळदीचे बोट

ती घटना मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरावी असे वाटतही नाही. पन्नासच्या दशकात मी कुंभकोणमला सब-इन्स्पेक्टर होतो. गावाबाहेर, स्वामीमलैच्या रस्त्याला, एका धनिकाने दुमजली इमारत उठवली होती. खाली रेशमी साड्या, घड्याळे, अत्तरे यांची भारी दुकाने; वर वकिलांची आणि विमावाल्यांची कार्यालये. साध्या माणसाने आत पाऊल टाकायला बिचकावे असा थाट! रेशमाचे दुकान मालकाचे स्वतःचे. माल तपासताना रुंद जरीकाठाची एक जांभळी साडी सापडेना, म्हणून त्याने चोरीची फिर्याद दिली.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. अत्तराच्या दुकानातला विक्रेता स्टेशनात येऊन हळूच म्हणाला, "सार, इमारतीच्या रखवालदाराच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. तसलीच साडी त्याच्या घरात आहे. गल्लीतल्या बायका पाहून आल्या."

रखवालदार साठीचा, माझ्यासारखाच तंजावरी मराठी. दोन पंच घेऊन झडती घेतली. ट्रंकेत साडी मिळाली. पंचनामा मी स्वतः लिहिला: जांभळे रेशीम, रुंद जरीकाठ, एका टोकाला फिकट पिवळा डाग. सही ठोकली, म्हाताऱ्याला अटक केली आणि छाती फुगवून स्टेशनात आलो.

चौकशीला बसवल्यावर तो मराठीत म्हणाला, "साहेब, मी चोरी केलों नाही. साडी मला दिलेली आहे. कोण दिलं तें सांगूं नये म्हणून शब्द दिलों आहे."

आमची मराठी घरातली, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यात हेड कॉन्स्टेबल समोर उभा. हा आपल्या माणसाला सांभाळून घेतो, असे कोणी म्हणू नये म्हणून मी मुद्दाम तमिळमध्येच आवाज चढवला. "रखवालदाराला असली साडी कोण देतं रे? मला खुळा समजलास?" कोर्टातून कोठडी मिळवली आणि दोन दिवस त्याला उभे ठेवले. लिहिताना लाज वाटते. त्याने नाव सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी तिरुवलंचुळीहून वरपक्षाचा निरोप त्याच्या घरी आला: चोराची मुलगी आम्हाला नको.

त्याच दुपारी मी घरी जेवायला बसलो होतो. बायकोने नवी साडी उलगडली आणि नेसण्याआधी टोकाला हळदीचे बोट लावले. आमच्याकडे घरोघरी लावतात. माझा घास हातातच राहिला. दुकानातल्या कोऱ्या साडीला हळद कुठून येणार? आणि ट्रंकेतल्या साडीवरची हळद तर जुनी, विटलेली होती. म्हणजे ती साडी कोणीतरी आधीच नेसलेली होती. डाग मी डोळ्यांनी पाहिला होता, स्वतःच्या हाताने लिहिला होता!

दुकानातली साडी विक्रीची नोंद न होता नेसणारी आणि ती देऊन वर शब्द घेणारी बाई मला एकच सुचली: मालकाची बायको. मालक दुकानात असताना मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको रडायलाच लागली. "गेल्या दिवाळीला ह्यांना न सांगता दुकानातून मीच आणली. माहेरी एकदा नेसले आणि रखवालदाराच्या मुलीला लग्नासाठी दिली. ह्यांना कळलं तर मला घरात ठेवणार नाहीत."

"आणि तो म्हातारा कोठडीत उभा आहे, त्याचं काय, अम्मा?" मी विचारले. तिने डोळे पुसले आणि ती जबाब द्यायला तयार झाली.

तिचा जबाब झाला, म्हातारा सुटला. मालक हसत म्हणाला, "बायकांचा घोळ, सार!" मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण मी तरी कोणत्या तोंडाने वाजवणार?

कोर्टाने साडी रखवालदाराला परत द्यायला सांगितली. ती घेऊन मी स्वतः त्याच्या घरी गेलो. मुलगी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला पाहताच सूप टाकून आत गेली. मी पहिल्यांदाच त्याच्याशी मराठीत बोललो. "अप्पा, चूक माझी झाली. साडी घ्या."

त्याने तमिळमध्ये उत्तर दिले. "साडी नको, सार. आणि तमिळच बोला. आपली ओळख स्टेशनातली आहे."

पुढे पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले, बक्षिसेही मिळाली. निःपक्षपाती दिसायची हौस पोलिसाला आंधळे करते, हे मात्र त्या एका केसने शिकवले. साडी मुद्देमालाच्या खोलीत परत ठेवली. त्या मुलीचे लग्न नंतर झाले का, हे विचारायचे धाडस मला कधीच झाले नाही.