गफूरभाईची डबी

आमच्या लॅबच्या फ्रीजमधी डब्या साचतात अन् माझ्या पोटात किस्से! डब्या कशाच्या? अहो, संडासच्या! मी तिथला शिपाई. आमच्या मॅडम त्यात बुरशी हुडकतात. आतड्याचा कॅन्सर असला की पोटातली बुरशी येगळी असती का, त्यावरून रोग लवकर कळंल का, ह्याचं संशोधन चाललंय.

*

खुलताबादच्या एका आजीला सांगितलं, "बुरशी बघायचीय, उद्या डबी भरून आणा." आजी लोणच्याची बरणी घेऊन हजर! वर पांढरीफटक बुरशी. "घ्या, लई धरलीय!"

मॅडम हसू दाबत म्हणल्या, "आजी, ही बाहेरची. मला पोटातली हवी."

"मंग आधी खाऊन येते की!"

*

एका मामांनी सॅम्पल आणलं ते गुलमंडीच्या पेढ्याच्या बॉक्समधी, वर दोरा बांधून. गेटवर आमचा वॉचमन गफूरभाई. त्याला वाटलं, घरात पोरगं झालं! "मुबारक हो मामू!" म्हणत त्यानं दोरा सोडला...

तवापासून मी रोज इचारायचो, "गफूरभाई, पेढा?"

*

मंग गफूरभाईच गेट सोडून घडीघडी संडासला पळायला लागला. पट्ट्याला नवं भोक पाडलं, इतका वाळला. "रक्त पडतं का रे?" म्हणलं, तर "मूळव्याध हाय, चूप बैठ!"

ठरवलं, ह्याची डबी घेतल्याबगर सोडायचं नाय! खुर्चीवर रिकामी डबी ठेवली. फेकली. टोपीत ठेवली. फेकली. बुटात ठेवली. पाय घातला, बोंबलला, अन् फेकली!

शेवटी क्रांती चौकापल्याड त्याच्या घरी गेलो अन् डबी भाभीच्या हातात दिली. भाभी त्याला म्हणली, "ये डब्बी भरी तबीच तुम्हारा टिफिन भरूंगी!"

दुसऱ्या दिवशी डबी आली.

*

मॅडमनी तपासून त्याला बोलावलं. "बुरशीवरून अजून खात्रीनं सांगता येत नाही, गफूरभाई. पण यात रक्त आहे. दुर्बीण घालून बघावंच लागेल."

गफूरभाई हळूच मागं सरकला. मी दार अडवून उभा. "गेट मी सांभाळतो. तू इथनं हललास, तर बघतो तुला!"

गाठ निघाली. बारकी व्हती, तवरच काढली.

*

परवा गफूरभाई ड्युटीवर आला. पट्टा परत जुन्या भोकावर! थेट लॅबमधी येऊन माझ्या हातात पेढ्याचा बॉक्स ठेवला. वर दोरा.

"खोल ना भाई, शरमाता क्या?" म्हणला, अन् हसत गेटवर गेला.

मॅडम माझ्याकडं बघतायत, मी मॅडमकडं. बॉक्स अजून टेबलावरच हाय!