वानरांच्या वहीतली थोरली जाऊ

घरात कुणाचं वाजलं की माझी मुलं म्हणतात, "आईला विचारा, तिने वानरांवर संशोधन केलंय." टिंगल असते, पण खोटं नाही. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी तीन आठवडे संशोधन केलं आणि त्यातल्या बहुतेक नोंदी चुकीच्या केल्या.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. नवरा मुंबईला गिरणीत. घरी थोरले दीर, थोरली जाऊ आणि चार महिन्यांची मुलगी घेऊन मी. पुण्याच्या कॉलेजातले एक सर, वानरं टोळीत एकमेकांशी कशी वागतात याचा अभ्यास करायला आले आणि शाळेच्या पडवीत उतरले. एक टोळी दुपारी आमच्या परसातल्या उंबरावर यायची, पण तेव्हा सर दुसऱ्या टोळीमागे डोंगरात असायचे. वाडीत सातवी फायनल पास बाई मी एकटी. सरांनी दिरांना विचारलं. दीर म्हणाले, "लिवंल की. बसूनच तर असती." मी बसून असते हे मला तेव्हा कळलं.

सरांनी वही दिली, मनगटावरचं घड्याळ काढून खुंटीला अडकवलं आणि सांगितलं, दर पंधरा मिनिटांनी कोण कोणाशेजारी, काय करतंय ते लिहा. माद्यांना त्यांनी नंबर दिले होते. कान फाटलेली एक, शेपूट वाकडी ती दोन, असे.

नंबर माझ्या लक्षात राहीनात. नाती मात्र पहिल्याच दुपारी ध्यानात आली. सगळ्यांना सारून पिकली उंबरं खाणारी ती सासू. काळंभोर पिल्लू झालेली ती धाकटी. आणि ते पिल्लू सारखं ओढून नेणारी वाकड्या शेपटीची, ती अर्थातच थोरली जाऊ.

अर्थातच, कारण माझी जाऊ तेच करायची. तिला मूलबाळ नव्हतं. शेत भाजायच्या राबासाठी तोडलेल्या कवळांचा, म्हणजे पालेदार फांद्यांचा, भारा अंगणात टाकायची, हात धुवायची आणि "आण गो इकडं" म्हणत मुलगी माझ्या मांडीवरून उचलायची. तिच्या खांद्यावर पोर गप्प व्हायची, त्याचा मला जास्त राग. नवऱ्याला पत्र लिहायला घेतलं होतं: एक तर मुंबईला न्या, नाहीतर चूल वेगळी करा. शनिवारी वाडीतले एकजण मुंबईला निघणार होते, त्यांच्याबरोबर ते जाणार होतं.

मंगळवारी सरांनी वही तपासली आणि मोठ्याने वाचली. "'तीन वाजता थोरल्या जावेने धाकटीचं पोर हिसकावलं. धाकटी मनात रडली.' वहिनी, मनात रडली हे कुठून दिसलं?"

सरांनीच पुढे विचारलं,

"आईने पिल्लू धरून ठेवलं होतं का?"

"नाही."

"मग काय करत होती?"

"दोन्ही हातांनी उंबरं खात होती."

"मग तेवढंच लिहा. दुसरीने घेतलं, आई खाऊ लागली. वानरांत नवं पिल्लू सगळ्याजणी घेतात. का घेतात तेच शोधतोय मी. मलाही माहीत नाही."

मी घरी चिडूनच आले. ठरवलं, पत्रही आता याच पद्धतीने, पुराव्यानिशी लिहायचं. घड्याळ घरातच होतं. दोन दिवस जावेवर नजर ठेवली. सहा वाजता जावेने मुलगी घेतली, मी झोपले. आठ वाजता मुलगी तिच्याकडेच, मी भाकरी खाल्ली, गरम. दहा वाजता जाऊ डोंगरात गेली, मुलगी माझ्याकडे. मुलगी रडली. मीही रडले. हे दिसलं होतं, म्हणून लिहिलं.

एवढं करून पत्रात तक्रार काही सापडेना.

शुक्रवारी जाऊ मुलीला खांद्यावर टाकून शेजारी बसली. तिला वाचता येत नसे. "भावजींना लिवतीस ना? वाच बघू."

मी वाचलं. ती ऐकत राहिली. "असलं कसलं गो पत्र? यष्टीचं टाइमटेबल हाय का काय?" मग म्हणाली, "आता माजं लिव. हिला नि पोरीला मुंबईला घेऊन जावा. हितं हिची झोप व्हत नाय. तिकडं नळाचं पाणी तरी हाय."

तीन आठवडे मला हेच वाक्य हवं होतं. ते बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती आणि हात पोरीच्या पाठीवर फिरत होता. एवढं दिसलं. मनात काय होतं, मला माहीत नाही. तिच्या नाही आणि माझ्याही.

मी लिहिलं, 'मुलगी खुशाल आहे, काळजी नसावी.'

"लिवलंस?"

"लिहिलं, अक्का."

"वाच."

आणि कागदावर नसलेलं मुंबईचं वाक्य मी तिला घडाघडा वाचून दाखवलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्यात साहजिकच मुंबईचं नाव नव्हतं. जाऊ म्हणाली, "येवढं सांगून बी बायको-पोरीची फिकीर हाय का बघ त्या मानसाला!" शिमग्याला नवरा घरी आला तेव्हा तिने त्याला जेवायला वाढलं, पण चार दिवस शब्द बोलली नाही. वहिनी तेव्हा का रुसली होती, हे तो अजून मला विचारतो.